डावीकडून पाच, उजवीकडून तीन

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या पांढऱ्या चौकटी आता नीट मोजता येत नाहीत. मधल्या फळीचा सांधा उकलला आहे आणि खालच्या कोपऱ्याला वाळवीने तोंड लावले आहे. कपाटाच्या मागे भिंतीला तोंड करून मला उभे केले आहे, म्हणजे शिक्षा झालेल्या पोरासारखे. मी एक जुना आलेखफळा आहे. साध्या काळ्या फळ्यावर कुणीही काहीही लिहावे, सुविचार लिहावा, हजेरी लिहावी. माझ्यावर मात्र फक्त आलेख काढायचे. पोरे मला 'जाळीवाला' म्हणत. थकलो आहे, म्हणून सावकाश सांगेन. तुम्हाला घाई असेल तर आत्ताच उठा, मला राग येणार नाही.

माझा जन्म महाडचा. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला महिपत सुताराचे दुकान होते, तिथे शिवणीच्या लाकडाच्या फळ्या जोडून त्याने मला केले. कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि पाल्याचा रस घालून मला काळे केले. मग पांढऱ्या रंगात बुडवलेले सूत दोन्ही टोकांना ताणून धरायचे आणि मधे चिमटीत उचलून सोडायचे, की अंगावर सटकन एक रेघ उठे. आडव्या रेघा एका दिवशी, उभ्या दुसऱ्या. महिपत कामात चोख, पण तोंडाने कडू. असल्या जाळ्यात मासे पकडणार आहेत की पोरे, असे त्याने रावजी मास्तरांना विचारले होते. मास्तर हसले आणि पोरेच पकडायची आहेत म्हणाले.

हे रावजी मास्तर म्हणजे माझे मालक म्हणा, सोबती म्हणा. कॉलेजची दोन वर्षे करून, वडील गेल्यामुळे परत आलेला माणूस. पोलादपूरच्या वर, कापडे गावाच्या पुढे डोंगरात एक नवे हायस्कूल निघाले होते, तिथे ते गणित शिकवत. मला एस.टी.च्या टपावर बांधून पोलादपूरपर्यंत आणले आणि तिथून पुढे दोन गडी मला डोक्यावर घेऊन चढले. वाटेत लोक विचारत, हे काय, दरवाजा का? गडी हो म्हणत. खरे सांगत बसण्यापेक्षा ते सोपे होते.

पहिली काही वर्षे माझी फार कौतुकाची गेली. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यावर हात फिरवून असा फळा तालुक्यात दुसरा नाही असे म्हटले, तेव्हा मास्तरांचा चेहरा उजळला होता. रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसत. ओले फडके लावणाऱ्याला मास्तर रागवत. अंगावर सरळ रेघा आल्या, वाकड्या रेघा आल्या, पावसाचे आणि भाताच्या पिकाचे आलेख आले. काम खूप होते, पण तेव्हा अंगात रग होती.

मास्तरांना एक खोड होती. पुस्तकात नसलेले शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दहावीला आणि अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, ते 'सीमा' शिकवू लागले. सीमा म्हणजे गावाची शीव हे पोरांना ठाऊक होते, पण आलेखाला कुठली शीव, हे कुणाला कळेना. मास्तर माझ्यावर एक चढती रेघ काढत, मधेच, आडव्या अक्षावरच्या दोनापाशी, पोकळ टिंब ठेवत, म्हणजे तिथे रेघ तुटलेली. त्याच जागेच्या बरोबर वर, दूर, एक भरीव टिंब काढत. मग विचारत, की आडव्या अक्षावर दोनाच्या जवळ जवळ जात राहिलो, तर ही रेघ कुठल्या उंचीला चालली आहे?

सगळा वर्ग भरीव टिंबाकडे बोट दाखवून पाच म्हणे. ठसठशीत दिसते ना ते. मास्तर कपाळाला हात लावत आणि सगळे पुन्हा सांगत. "टिंब कुठं आहे ते विसरा. वाट कुठं चालली आहे ते बघा." मग एकेकाला पुढे बोलावून रेघेवरून बोट चालवायला लावत. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि पोकळ टिंबाच्या अगदी काठावर बोट थांबवायचे. दोन्ही बोटे तिनाच्या उंचीला आली, तर सीमा तीन. टिंब तिथे असो, नसो, दुसरीकडे असो. आणि डावीकडचे बोट एका उंचीला, उजवीकडचे दुसऱ्या उंचीला आले, तर डावी सीमा आहे, उजवी सीमा आहे, पण दोन्ही बाजूंची मिळून म्हणून जी सीमा, ती तिथे नाही. किती बोटांचा घाम माझ्या अंगाला लागला असेल ते माझे मला ठाऊक.

ही बोटे न अडखळता चालवणारी एकच मुलगी होती, मैना. वर्गात मुली तशाही दोन-तीनच. मैना वहाळापलीकडच्या आंबेकोंडची. वहाळ म्हणजे डोंगरातून येणारा मोठा ओढा; उन्हाळ्यात त्यात घोटाभर पाणी नसते आणि आषाढात म्हैस वाहून नेतो. शाळा अलीकडच्या पिंपळवाडीत. आंबेकोंडचे पुरुष झाडून सारे मुंबईला गिरण्यांत. गावात बायका, म्हातारे आणि पोरे. मैनाचे वडील नव्हते, भाऊ पांडू मुंबईला होता, आणि घर आई चंद्राबाईच्या खांद्यावर. पावसाळा लागला की आंबेकोंडची पोरे घरी बसत, ती भादवा सरेपर्यंत. मैनाचे त्यापायी एक वर्ष आधीच बुडाले होते.

डावी-उजवी म्हटले की निम्मा वर्ग स्वतःच्या हाताकडे बघून गोंधळतो, म्हणून मास्तरांनी एक सोपी युक्ती काढली होती. ते डावीला 'अलीकडची' म्हणत आणि उजवीला 'पलीकडची'. अलीकडून आलो तर कुठे, पलीकडून आलो तर कुठे. वर्गात सगळे एकाच बाजूला बसलेले, माझ्याकडे तोंड करून. तिथे हे अगदी ठीक चालले. खरे तर माझी स्वतःची डावी बाजू म्हणजे तुमची उजवी. पण फळ्याला कोण विचारतो?

ते श्रमदानाचे दिवस होते. गावोगाव लोक स्वतःच रस्ते काढत, विहिरी खणत. मास्तरांनी मनावर घेतले की वहाळावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, घालायचा. वहाळाच्या मध्यावर एक मोठा खडक आहे. पिंपळवाडीने आपल्या काठापासून दगडांचा भराव घालत यायचे आणि त्या खडकावर ओंडके टेकवायचे. आंबेकोंडने आपल्या काठापासून तसेच. दोन्ही वाटा खडकावर भेटल्या की झाला साकव. उंची किती ठेवायची, तर दोन्ही काठांवर एकेक कातळ आहे. पिंपळवाडीचा कातळ उंच, आंबेकोंडचा ठेंगणा. मास्तरांच्या मनात पिंपळवाडीचा कातळ होता, कारण पुराचे पाणी त्याच्या माथ्याला कधी लागत नाही.

मास्तर आधी पिंपळवाडीत हैबतीच्या अंगणात बसून सांगून आले, मग आंबेकोंडात चंद्राबाईच्या अंगणात. दोन्हीकडे शब्द तेच. अलीकडच्या कातळाचा माथा धरून या. पिंपळवाडीने आपल्या कातळाचा माथा धरला. आंबेकोंडनेही आपल्याच कातळाचा धरला, कारण त्यांच्या अंगणात बसून बोलणारा माणूस अलीकडचा म्हणतो, तो त्यांचाच असणार. ज्याने त्याने ऐकले तसे केले आणि कुणाचेच काही चुकले नाही. म्हणून तर सगळे बिघडले.

पिंपळवाडीचे काम माघात झाले. हैबती तिथला वजनदार माणूस, शेतीभाती बरी, शब्दाला मान. त्याने माणसे लावून भराव पक्का केला. आंबेकोंडचे गडी शिमग्याच्या सुट्टीत मुंबईहून आले, पालखी नाचवून झाल्यावर त्यांनी वहाळाकाठी दगड लोटले आणि सुट्टी संपताच परत गेले. उरलेले बायकांनी डोक्यावर पाट्या वाहून पुरे केले. दोन्ही वाटा उंच-सखल आहेत हे मधल्या काळात कुणाला दिसले नसेल असे नाही. पण पिंपळवाडीला वाटले, ते अजून चढवतील. आंबेकोंडला वाटले, ते अजून उतरवतील. दुसरा काहीतरी करील, या भरवशावर आपल्याकडे बरीच कामे अशीच उभी असतात.

वैशाखात ओंडके टाकले, तेव्हा खडकावर दोन हातांची पायरी उभी राहिली. पायरी चढून जाता आले असते म्हणा. पण खरी गोम पुढे होती. खडकाच्या अंगावर पुराची जुनी पांढुरकी रेघ होती, आणि आंबेकोंडची सगळी वाट त्या रेघेच्या खाली होती. म्हणजे पहिल्याच पुरात ती पाण्यात जाणार, आणि आंबेकोंडची पोरे पुन्हा घरी बसणार.

चंद्राबाईने त्याच आठवड्यात मास्तरांना शाळेत येऊन सांगितले. मी ऐकले, कारण मी त्यांच्या पाठीशीच होतो. तिने सांगितले की पांडू लावणीच्या रजेला आषाढात येणार आहे. त्याच्या खोलीत आठ-दहा गडी राहतात, त्यांना भाकऱ्या करणारे कुणी नाही. साकव झाला तर मैना शाळेत जाईल. वाट पाण्यात गेली तर पांडू परत जाताना तिला मुंबईला घेऊन जाईल. "मास्तर, मला काय पोरीला धाडायची हौस नाय," ती म्हणाली. "पन अर्दी शाळा, अर्दं घर, असं किती वरीस करायचं? अकरावी तिला एकदाच देता येनार ना?"

 ती गेल्यावर मास्तरांनी खडू घेतला आणि माझ्यावर ओढ्याचा आलेख काढला. आडव्या अक्षाच्या मध्यावर खडक. उभा अक्ष म्हणजे ओढ्याच्या तळापासूनची उंची, एका चौकटीला एक हात. डावीकडून पिंपळवाडीची वाट काढली, ती पाचाच्या उंचीला पोचली, तिथे पोकळ टिंब. उजवीकडून आंबेकोंडची वाट, ती तिनाला पोचली, तिथे पोकळ टिंब. चाराच्या उंचीला पुराची एक आडवी तुटक रेघ. मग ते चित्र बघता बघता खडू त्यांच्या हातातच मोडला. अलीकडचा हा शब्द तेव्हा त्यांच्या डोक्यात लखकन पेटला असावा, कारण त्यांनी स्वतःलाच एक चांगली सणसणीत शिवी घातली. मास्तरांच्या तोंडून मी तेवढी एकच शिवी ऐकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही वाड्यांना वहाळावर बोलावले आणि मला तिथे नेले. शाळेबाहेर मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. उन्हाने अंग तडतडू लागले. सांध्याची पहिली चीर तिथेच पडली.

मास्तरांनी मला खडकाला टेकवले, आधी पिंपळवाडीकडे तोंड करून. तर पलीकडून आंबेकोंडच्या बाया म्हणू लागल्या, आमाला काय फळ्याची पाठ दाखवता? मला फिरवले. तर पिंपळवाडी कुरकुरली, आणि वर हैबतीने विचारले की हे चित्र कुणीकडून बघायचे, आमचा काठ यात कुठला? हसू नका, पण दोन्ही काठ आपापल्या जागी उभे राहून भांडत होते आणि दोघेही समोरच्याकडे बोट दाखवून एकच वाक्य बोलत होते, की अलीकडचं बरोबर हाय, पलीकडचं चुकलंय.

शेवटी मास्तरांनी सगळ्यांना खाली वहाळात उतरायला सांगितले. खडकाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी वाहत जाते त्या बाजूला, गोट्यांवर, सगळ्यांनी प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून उभे राहायचे. मानापानाची माणसे लवकर हलत नाहीत. आधी चंद्राबाई उतरली, तिच्यामागे तिच्या बाया, मग पिंपळवाडीची पोरे आणि सगळ्यांत शेवटी धोतर सावरत हैबती. मला त्यांच्याकडे तोंड करून ठेवले. आता सगळ्यांची डावी बाजू एकच झाली आणि उजवी एकच. वहाळात उभे राहिल्यावर अलीकडे कुठे आणि पलीकडे कुठे?

मास्तरांनी दोन्ही वाटांवरून बोट चालवून दाखवले. डावीकडून आलो तर पाच, उजवीकडून आलो तर तीन. मग खडू खाली ठेवून ते म्हणाले, "चूक पिंपळवाडीची नाही, आंबेकोंडचीही नाही. मी दोन्ही अंगणांत अलीकडचा कातळ म्हणालो. माझी चूक आहे."

 मास्तराने चारचौघांत चूक कबूल केली की लोकांना काय करावे ते समजत नाही. हैबती तसा वाईट माणूस नव्हता, त्याने लगेच तोड काढली. खडकावर मधोमध एक धोंडा ठेवावा, ना पाचाला ना तिनाला, चाराच्या उंचीचा, म्हणजे झाला मेळ. सगळ्यांना हे पटले. माना हलल्या. इतका वेळ आईमागे उभी असलेली मैना तेव्हा बोलली.

"ते टिंब झालं, तात्या," ती हैबतीला म्हणाली. "मधी टिंब ठेवलं म्हनून वाट तिथं येत नाय. आमची वाट तिनालाच येती, नि ती पान्यात जाती."

हैबतीला टिंब कळले नाही, पण पाण्यात जाते हे कळले. मग खरा प्रश्न उभा राहिला. भराव आंबेकोंडच्या बाजूने चढवायचा, तोही काठापासून, लांबून. शेवटच्या चार दगडांनी भागणार नव्हते. आणि चढवणार कोण? चंद्राबाईने शांतपणे सांगितले की तिच्या बायांनी एकदा डोकी झिजवली आहेत, गडी मुंबईला आहेत आणि पुन्हा दगड उचलायचे बळ तिच्याकडे नाही. हैबती म्हणाला की पिंपळवाडीने आपले काम चोख केले आहे. दुसऱ्याच्या काठावर जाऊन दगड वाहायचे, हे आजवर त्याच्या वाडीत कुणी केले नव्हते. त्याने ते रागाने म्हटले नाही, आणि म्हणूनच ते जास्त जड वाटले.

मास्तर दमले होते. त्यांनी भाषण केले नाही. टोपी काढून माझ्या कोपऱ्यावर अडकवली, उजव्या काठावर गेले आणि एकटेच एक दगड उचलू लागले. दगड हलेना. हे बघणे फार अवघड गेले, मित्रांनो. लोक बघत होते आणि तो एकटा माणूस दगडाशी झटत होता.

तेव्हा हैबतीची बायको बनुबाई पुढे आली. ती नवऱ्याला काही कळकळीचे बोलली असेल असे वाटेल तुम्हाला. तसे नाही. तिने पदर खोचला आणि सरळ विचारले, "लावनीला बाया कुठनं येत्यात आपल्या शेतावं? आंबेकोंडनंच ना? मंग पानी चढल्यावं त्या काय उडून येनार?" हैबतीने मान खाजवली. बनुबाईने पाटी उचलली आणि नवऱ्याची वाट न बघता उजव्या काठाला गेली. तिच्यामागे पिंपळवाडीच्या बायका गेल्या, आणि बायका गेल्यावर पुरुषांना नुसते उभे राहायची लाज वाटली. हैबती शेवटी आला, पण आल्यावर सगळ्यांत मोठे दगड त्यानेच उचलले.

काम चालले तेवढे दिवस मी वहाळातच होतो. रोज मास्तर उजवी वाट पुसून थोडी वर काढत. तिनाची साडेतीन झाली, मग चार. दुपारी पोरे माझ्यावर बसून भाकरी खात आणि चटणीचे हात मलाच पुसत. मी गणिताचा फळा, मी काय बसायचा पाट होतो? पण त्या दिवसांत कुणाला काही सांगण्यात अर्थ नव्हता. सगळेच माझ्यासारखे थकलेले होते. चंद्राबाईच्या डोक्याला चुंबळ रुतून जखम झाली होती, तरी ती पाटी खाली ठेवत नव्हती.

मृगाने त्यांना गाठले. वाट साडेचाराला पोचली होती आणि वहाळाला पाणी आले. अर्धा हात राहिला, म्हणजे एक वीत. मला घाईघाईने उचलून शाळेत नेले. ओल लागली ती लागलीच. चीर वाढली आणि मधल्या चौकटींचा रंग फुगून पोपडे धरू लागले.

आषाढात एके रात्री डोंगरावर धो धो कोसळला आणि सकाळी वहाळाचा आवाज शाळेत ऐकू येऊ लागला. पांडू आदल्याच आठवड्यात मुंबईहून आला होता आणि त्याच दिवशी परत निघणार होता. वर्गात आंबेकोंडच्या पोरांच्या जागा रिकाम्या होत्या. मैनाचीही. मास्तरांनी हजेरी घेतली, तिच्या नावाशी थांबले आणि पुढे गेले. मग माझ्याकडे वळून त्यांनी तोच ओढा पुन्हा काढला. डावीकडून पाच, पोकळ टिंब. उजवीकडून साडेचार, पोकळ टिंब. पुराची रेघ चाराला. रेघ वाकडी आली. मला वाटले, पुसून पुन्हा काढतील. नाही काढली.  दाराकडे पाठ करून नुसते उभे राहिले.

तेवढ्यात दारात कुणीतरी पायांचा चिखल झाडला. मैना होती. नखशिखान्त भिजलेली, पुस्तके पिशवीत बांधून डोक्यावर धरलेली, तिच्यामागे आंबेकोंडची आणखी तीन-चार पोरे. त्यांना सोडायला पांडू स्वतः आला होता. त्याने दारातूनच मास्तरांना हात जोडले, मुंबईची ट्रंक खांद्यावर घेतली आणि एकटाच पोलादपूरच्या वाटेला लागला.

 मन भरून आले की मास्तर लोक प्रश्न विचारतात. त्यांनी खडूने माझ्यावरच्या चित्राकडे बोट केले आणि उगाच कडक आवाजात विचारले, "मैना, खडकापाशी सीमा आहे का?"

ती दारातच उभी होती. केसांतून पाणी गळत होते. तिने डावीकडून बघितले, उजवीकडून बघितले.

"सीमा नाय, गुरुजी," ती म्हणाली. "पन मी आले."

मास्तरांनी हो म्हटले आणि तिला बसायला सांगितले. मग ते माझ्याकडे वळले. वर्गाला वाटले, ते चित्र बघत आहेत. डोळे पुसायला त्यांनी माझेच फडके घेतले, आणि खडूची पूड डोळ्यांत गेली म्हणून आणखी पुसत राहिले.

मैना अकरावी पास झाली. पुढे महाडला शिकली आणि दासगावकडे कुठेशी मास्तरीण आहे असे ऐकतो. रावजी मास्तरांची बदली झाली. नव्या मास्तरांनी नवा फळा आणला, हिरवट रंगाचा, गुळगुळीत, आणि मला कपाटामागे सारले. त्यांचा दोष नाही. माझ्यावर आता रेघ सरळ उठत नाही.

ती एक वीत मात्र अजून तशीच आहे. पुढच्या उन्हाळ्यात भरू, असे दोन्ही वाड्यांनी तेव्हा ठरवले होते. पण पोरे जात होती, लावणीच्या बाया येत होत्या, मग कुणाला घाई राहिली नाही. आता पोरे तिथून उडी मारून जातात, आणि म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा लागतो. माझी चीरही अशीच वाढली. आधी केसाएवढी होती, तेव्हा महिपत सुताराच्या एका खिळ्याने भागले असते.

मित्रांनो, मला उचलून पुन्हा भिंतीवर लावा असे मी म्हणणार नाही. तेवढे बळ माझ्यात उरलेले नाही. पण कधी त्या बाजूला गेलात, तर साकवावर रिकाम्या हाताने जाऊ नका. एक दगड घेऊन जा आणि उजव्या अंगाला, आंबेकोंडच्या वाटेवर, ठेवा.